सांध्याचे शास्त्र: किर्लोस्करवाडीचा नांगर आणि ओगलेवाडीचा कंदील

यंत्राचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच काढून त्याच्या जागी तसाच दुसरा बसवता यावा, आणि त्यासाठी उरलेल्या यंत्राला हातही लावावा लागू नये, ही अपेक्षा आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल हे सहसा ध्यानात येत नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा इतिहास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पुणे-मिरज लोहमार्गाच्या कडेला वसलेल्या तीन लहान ठिकाणी घडला: कुंडल रोड स्थानकाजवळची किर्लोस्करवाडी, कऱ्हाड स्थानकाजवळची ओगलेवाडी आणि पाडळीचे सातारा रोड. संगणकाच्या क्षेत्रात ज्याला ‘मॉड्यूल’ म्हणतात तो स्वतःपुरता पूर्ण असलेला, ठरलेल्या सांध्याने इतरांशी जोडला जाणारा आणि एका कामातून काढून दुसऱ्या कामात वापरता येणारा घटक होय. अशा घटकांची रचना करताना पडणारे बरेचसे प्रश्न या तीन ठिकाणी बीड, काच आणि पत्रा यांच्यावर काम करणाऱ्यांपुढे आधीच उभे राहिले होते, आणि त्यांची उत्तरेही तिथल्या मालात सापडतात.

या इतिहासाच्या आधीची स्थिती समजण्यासाठी गावातल्या लाकडी नांगराकडे पाहावे लागते. बाभळीचे जड खोड, त्याच्या टोकाला कडे आणि पाचर मारून बसवलेला लोखंडी फाळ, हातात धरायचे रुमणे, आणि खोडाला जुवाशी जोडणारे लांब लाकूड म्हणजे हळस, एवढाच या नांगराचा संसार असे. परंतु त्याचे भाग सुटे असले तरी अदलाबदलीचे नव्हते. एका शिवारातल्या नांगराचे रुमणे शेजारच्या शिवारातल्या नांगराला बसेलच असे नसे, कारण प्रत्येक खाच सुताराने त्या त्या लाकडाचा कल पाहून तासलेली असे आणि उरलेली फट पाचर ठोकून बुजवलेली असे. म्हणजे सांधा वस्तूत नव्हता, तो सुताराच्या हातात होता. या हाताचा मोबदला रोखीने दिला जात नसे, तर सुगीला खळ्यावर बलुते म्हणून धान्याने दिला जाई, आणि त्यामुळे वर्षभर केव्हाही नांगर मोडला तरी सुतार आणि लोहार यांनी तो दुरुस्त करून देणे हे त्यांच्या वतनाचेच काम होते. ही व्यवस्था मागासलेली होती असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. जिथे दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याचे वेतन आधीच ठरलेले आहे, तिथे भाग एकसारखे असण्याची निकड पडत नाही.

निकड पडते ती करणारा आणि वापरणारा यांच्यात अंतर पडल्यावर. इंग्लंडमध्ये इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्ये, चालता चालता स्वतःच धार धरणारा बिडाचा फाळ तयार केला आणि १८०८ मध्ये ज्याचे भाग शेतातच सोडवून बदलता येतात अशा नांगराचे एकस्व घेतले; अमेरिकेत जेथ्रो वुड याने १८१९ मध्ये बदलत्या भागांच्या बिडाच्या नांगराचे एकस्व मिळवले. हे नांगर पुढे हिंदुस्थानात आले, पण ते वस्तू म्हणून आले. भाग बदलण्याची त्यांची खुबी तो भाग जिथे मिळतो तिथेच उपयोगाची होती, आणि समुद्रापलीकडून येणाऱ्या फाळासाठी पेरणी थांबत नाही.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. या तपशिलाकडे चरित्रकार बहुधा दैवाचा खेळ म्हणून पाहतात; प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तो मध्यवर्ती आहे. यांत्रिक रेखाटन म्हणजे वस्तूचे चित्र नव्हे, तो दोन कारागिरांमधला करार असतो: भोक किती व्यासाचे, ते कडेपासून किती अंतरावर, पत्र्याची जाडी किती, हे कागदावर ठरले की भोक पाडणारा आणि खिळा करणारा यांनी एकमेकांचे तोंड पाहण्याची गरज उरत नाही. ज्याला रंगांऐवजी रेघा आणि मापे यांवर विसंबावे लागले, त्याच्या हातून सुट्या भागांचा कारखाना उभा राहावा हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

बेळगावात सायकलींच्या व्यापारापासून सुरू झालेला त्यांचा उद्योग कडबा कापण्याच्या यंत्रावरून १९०३ मध्ये लोखंडी नांगरावर आला. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरते, असा समज शेतकऱ्यांत होता आणि नांगर खपायला पहिली दोन वर्षे फार जड गेली. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली तेव्हा औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडलजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले, आणि १९१० मध्ये निवडुंग माजलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता, पण कुंडलचा तुकडा लोहमार्गाला लागून होता. कोळसा आणि कच्चे बीड आणायचे आणि नांगर व त्यांचे सुटे भाग पाठवायचे, तर स्थानक दाराशी असणे ही कारखान्याची पहिली गरज होती.

आता या नांगराची रचना जवळून पाहावी. जमीन कापणारा फाळ, कापलेली ढेप उलटवून टाकणारा वळणदार पंखा, आणि तासाच्या उभ्या कडेला टेकून नांगर सरळ ठेवणारी बाजूची पट्टी, हे तीन भाग एकमेकांना थेट जोडलेले नसतात. ते तिन्ही आतल्या एका ओबडधोबड ओतीव ठोकळ्याला बोल्टने धरलेले असतात. या ठोकळ्याला इंग्रज कारागीर का कोण जाणे ‘बेडूक’ म्हणत आले आहेत. फाळ, पंखा, पट्टी आणि ठोकळा मिळून नांगराचा तळ होतो; हा अख्खा तळ पुढे एकच भाग म्हणून वरच्या दांड्याला जोडला जातो; आणि दांडा, मुठी व तळ मिळून झालेला नांगर साखळीने जुवाला जोडला जातो. भागात भाग आणि त्या भागात आणखी भाग, अशी ही उतरंड आहे. तिचे मर्म असे की प्रत्येक पायरीवर फक्त लगतच्या पायरीची माहिती लागते. फाळाला ठोकळ्यावरची भोके ठाऊक असावी लागतात, दांड्याची लांबी नव्हे. जुवाला साखळीचा आकडा पुरतो, मग खाली पंखा मोठा आहे की लहान याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणूनच झिजलेला फाळ शेताच्या बांधावर बसून एका पान्याने बदलता येतो आणि तेवढ्यासाठी बैल सोडावे लागत नाहीत.

ही सोय पाना फिरवणाऱ्याला सोपी दिसते, कारण तिची सारी अडचण ओतशाळेने आधीच पोटात घेतलेली असते. बिडाचे ओतकाम करण्यासाठी आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, ज्याला ओतशाळेत पॅटर्न म्हणतात. तो दोन अर्ध्या पेट्यांत काळी माती ठोकून तिच्यात दाबतात, काढून घेतात, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. तापलेले बीड निवताना आकसते, म्हणून नमुना वस्तूपेक्षा किंचित मोठा, साधारणतः दर फुटाला अष्टमांश इंच जास्त, करावा लागतो, आणि नमुना करणाऱ्या सुताराजवळची मोजपट्टी मुळातच तेवढी वाढवून आखलेली असते. बाजारातल्या फूटपट्टीशी ती जुळत नाही, आणि जुळत नाही म्हणूनच तिच्यावरून निघालेला माल जुळतो. मातीचा साचा प्रत्येक ओतीनंतर फोडावा लागतो. टिकतो तो नमुना. पुन्हा पुन्हा वापरली जाणारी वस्तू फाळ नव्हे, ते नमुन्यात साठवलेले मापांचे शहाणपण असते. संगणकाच्या परिभाषेत आराखडा आणि त्याच्यापासून घडवलेली प्रत्यक्ष वस्तू असा जो भेद करतात, तो हाच. गावात बलुत्यावर खाच तासणारे सुतारकाम आणि ओतशाळेत नमुना घडवणारे सुतारकाम यांची हत्यारेही बरीचशी सारखीच, म्हणजे किकरे, वाकस, रंधा. पहिले काम एका नांगराचे असे, दुसरे त्यानंतर निघणाऱ्या सर्व नांगरांचे. बोल्टांच्या आट्यांचे प्रमाणही असेच आधी ठरलेले होते: जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये सुचवलेले आट्यांचे माप ब्रिटिश साम्राज्यातील कारखान्यांत रूढ होते, त्यामुळे ते प्रमाण पाळणाऱ्या एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या चाकीत बसू शके.

ओगलेवाडीचा कारखाना १९१६ मध्ये, पुन्हा औंधच्याच पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने उभा राहिला. काच करणाऱ्या या कारखान्याने ‘प्रभाकर’ नावाचा कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवला. कंदिलाची उतरंड नांगराहूनही रेखीव आहे. तळाशी रॉकेलची टाकी, टाकीच्या तोंडाला बसणारा बर्नर, बर्नरच्या चिरेत सरकणारी चपटी वात, बर्नरवर टेकलेली काच, काचेला दाबून धरणारी टोपी, आणि या सगळ्यांभोवती हवा फिरवणाऱ्या नळ्यांचा सांगाडा. वात जळून आखूड झाली तर वातच बदलायची, काच तडकली तर खटका दाबून टोपी उचलायची आणि तेवढी काच काढायची. ज्या क्रमाने वस्तू मोडतात त्या क्रमाने त्या सहज सुटल्या पाहिजेत, हा नियम कुठल्या ग्रंथात सांगितलेला नसेल, पण कंदील करणाऱ्याने तो अक्षरशः पाळला आहे: वात सर्वांत आधी संपते आणि चावी फिरवताच वर येते, टाकी वर्षानुवर्षे टिकते आणि ती काढण्याची सोयच नसते. परदेशी कंदिलांची काच फुटली की दुसरी काचही परदेशीच लागे, ही तेव्हाची रड होती. काचेच्या कारखान्यानेच कंदील करण्यात धंद्याची दूरदृष्टीही होती, कारण कंदील एकदा विकला जातो, काच पुन्हा पुन्हा.

सातारा रोडच्या कारखान्याचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. किर्लोस्कर आणि ओगले या दोन्ही कारखान्यांच्या मालाचा प्रसार करत गावोगाव हिंडलेले भाऊराव पाटील यांनी धनजीशा कूपर यांच्या साथीने १९२२ मध्ये पाडळी येथे लोखंडी नांगरांचा कारखाना काढला. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे स्थापलेली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आणलेली रयत शिक्षण संस्था पुढे इतकी वाढली की त्यांची नांगरविक्री चरित्राच्या कोपऱ्यात गेली. एकाच लोहमार्गावर नांगरांचे दोन कारखाने झाल्यावर मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला, तो असा की एका कारखान्याचा फाळ दुसऱ्याच्या नांगराला बसावा की बसू नये. शेतकऱ्याचे हित बसण्यात असते आणि कारखानदाराचे बहुधा न बसण्यात. सुट्या भागांच्या इतिहासातला हा झगडा अद्याप मिटलेला नाही आणि संगणकाच्या व्यवसायात तर तो रोजचाच आहे.

त्या व्यवसायाने ही कल्पना उचलली ती उघडपणे कारखान्यांकडे बोट दाखवूनच. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकइलरॉय यांनी आज्ञावल्यांचेही सुटे भाग घाऊक प्रमाणात तयार व्हावेत अशी मांडणी केली, आणि १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी प्रणालीचे तुकडे कुठे पाडावेत याचा निकष सांगितला: कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नयेत, तर जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एका तुकड्याच्या पोटात झाकला जाईल असे पाडावेत. वेब फ्रेमवर्क म्हणजे महाजालावर चालणाऱ्या प्रणाली बांधण्यासाठी मिळणारा तयार सांगाडा. २००४ मधला रेल्स किंवा २००५ मध्ये खुला झालेला जँगो ही त्याची परिचित उदाहरणे. अशा सांगाड्यात स्वतंत्र मॉड्यूल बसवता येतात आणि मॉड्यूलच्या आत आणखी मॉड्यूल ठेवता येतात, आणि ठोकळा, फाळ, दांडा यांचेच प्रश्न तिथे नव्या वेषात भेटतात.

सांगलीच्या हळद बाजाराचे उदाहरण घेऊन हे पाहता येईल. समजा, हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारी प्रणाली रचायची आहे. तिच्यात ‘सौदा’ हे बाहेरचे मॉड्यूल, त्याच्या आत शेतकऱ्याला द्यायचा हिशेब करणारे ‘पट्टी’ हे मॉड्यूल, आणि पट्टीच्याही आत हमाली, तोलाई आणि अडत यांची वजावट करणारे ‘खर्च’ हे मॉड्यूल. आता हाच संच तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांना वापरावा असे ठरले, तर तो लागू पडेल की नाही हे पूर्णपणे सांध्यांवर अवलंबून राहते. खर्चाच्या मॉड्यूलमध्ये हळदीच्या पोत्याचे वजन आणि हमालीचा दर कायमचे कोरून ठेवले असतील, तर बेदाण्याची पेटी समोर येताच ते निकामी होते. तेच आकडे बाहेरून, म्हणजे सौद्याकडून पट्टीला आणि पट्टीकडून खर्चाला, मिळत असतील, तर आतल्या मॉड्यूलला माल हळद आहे की बेदाणा हे कळण्याचे कारणच उरत नाही. दुसरी चूक याहून मोहक असते. सौद्याच्या मॉड्यूलने पट्टीला वळसा घालून थेट खर्चाच्या पोटात हात घालावा, कारण आज ते सोयीचे आहे, असे रचनाकाराला वाटते. पण त्यामुळे फाळ ठोकळ्याऐवजी दांड्यालाच जोडल्यासारखे होते आणि यापुढे पट्टी बदलायची म्हटली की तिन्ही खोलावी लागतात.

नावांचाही प्रश्न आहे. दोन मॉड्यूलच्या आत ‘खर्च’ याच नावाची दोन आतली मॉड्यूल असली, तर सांगाड्याने हाक कोणाला मारायची? त्यासाठी आतल्या नावाला बाहेरच्या नावाचा उपसर्ग लावण्याची पद्धत आहे. सातारा जिल्ह्याला ती नवी नाही: कऱ्हाड तालुक्यातले वडगाव हवेली आणि खटाव तालुक्यातले वडगाव जयराम स्वामी हे दोन्ही आपापल्या पंचक्रोशीत नुसते वडगावच आहेत, पण टपालाला पूर्ण नाव लागते. नाव आतल्यांसाठी लहान आणि बाहेरच्यांसाठी लांब असावे, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

सांधा न जुळल्यास काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण याच कारखान्यांच्या दारातून जात होते. पुणे-मिरज मार्ग मीटरगेजचा, पुण्यापासून मुंबईकडचा ब्रॉडगेजचा, आणि मिरजेला १९२७ मध्ये येऊन मिळालेली बार्शी लाइट रेल्वे त्याहूनही अरुंद रुळांची. डबा हा वास्तविक उत्तम सुटा भाग, एका गाडीतून काढून दुसरीला लावता येणारा. पण रुळांमधले अंतर बदलले की डब्याची ही सारी गुणवत्ता तिथेच थांबे आणि आतला माल हमालांच्या पाठीवरून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाई. तिन्ही मार्ग आपापल्या जागी चोख होते. त्यांना जोडणारे माप मात्र कोणीच ठरवले नव्हते, आणि त्याची किंमत शेवटपर्यंत पाठीने मोजली.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. किर्लोस्करवाडीत नांगरामागून आलेल्या पंपांनी कारखान्याची ओळख बदलली आणि कुंडल रोड स्थानकालाही कारखान्याचेच नाव मिळाले. बैलाच्या नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली. आज पलूस किंवा कऱ्हाड तालुक्यातल्या उसाच्या रानात ट्रॅक्टरमागे सकाळी पलटी नांगर असतो, दुपारी तो उतरवून रोटाव्हेटर चढवला जातो, आणि ट्रॅक्टर एका कंपनीचा, नांगर दुसऱ्या कारखान्याचा, रोटाव्हेटर गावाजवळच्या एखाद्या वर्कशॉपमधला असला तरी कोणाला पाचर ठोकावी लागत नाही. हॅरी फर्ग्युसन याने रूढ केलेली, खाली दोन आणि वर एक अशी तीन टोकांची जोडणी आता जगभर प्रमाण मानली जाते: तिच्या पहिल्या श्रेणीत वरची पिन सुमारे १९ मिलिमीटर आणि खालच्या दोन सुमारे २२ मिलिमीटर व्यासाच्या असतात.